अंड्यांखालचे दाणे

चकाचककाकांना घाण दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागत, आणि दिसली नाही की ते ती शोधायला निघत. दूध डेअरीत कॅन धुण्याच्या विभागाचे ते प्रमुख होते आणि उभी नोकरी त्यांनी तिथंच काढली. वाफ, सोडा आणि ब्रश यांच्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता. जिवाणू तर त्यांचा जन्माचा वैरी. दह्याच्या विभागातल्या लोकांनी त्यांना दारातच अडवायचं ठरवून टाकलं होतं. कारण एकदा मदत करायला म्हणून ते आत गेले आणि विरजणाचं मुख्य भांडंच वाफेवर धरून लखलखीत करून आले. त्यानंतर काही दिवस शहराला दह्यावाचून जेवावं लागलं. चकाचक हे नाव तेव्हाचं. लोकांनी ते चिडून ठेवलं होतं, पण काका ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवत राहिले.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी मोठी होऊन काय करते, तर किड्यांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास करते. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. काका म्हणत, "मी जन्मभर ज्यांना मारलं, त्यांचे लाड पुरवायला ही पगार घेते." चिडवायला म्हणून म्हणत, पण शेजारी कोणी तिच्या संस्थेची चौकशी केली तर पाऊण तास सांगत बसत. घरात तिचं नाव ठमी. आता ती चाळिशीला टेकली होती, दारावर तिच्या नावाची पाटी होती, हाताखाली दोन माणसं होती, तरी काकांच्या लेखी ती ठमीच.

ठमीला प्रकल्पाचं काम मांडायला परगावी जायचं होतं आणि नेमके हाताखालचे दोघंही रजेवर गेलेले. एक लग्नाला, दुसरा तापानं. कीटकघरात सकाळसंध्याकाळ कोणीतरी जायला हवं होतं. वेलांच्या कुंड्यांना पाणी घालायचं, दिवे वेळेवर लागतात का बघायचं, बास. तिनं दोन दिवस विचार केला आणि मग वडिलांना विचारलं. काकांनी होकार द्यायला चहाचा घोट गिळण्याएवढाही वेळ घेतला नाही. निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या घराच्या फरशा घासून त्यांनी त्यांचा रंग घालवला होता. त्यांना नवीन जागा हवीच होती.

कीटकघर म्हणजे एक लांबट खोली, गरम आणि दमट. भिंतीला लावलेल्या मांडण्यांवर जाळीचे पिंजरे आणि झाकणांचे पारदर्शक डबे. प्रत्येकात शेंगांचा कोवळा वेल, आणि वेलावर मुगाच्या दाण्याएवढे, गोल पाठीचे, हिरवट तपकिरी किडे. डिवचलं की असा वास सोडायचे की नाकातले केस जळावेत. ठमी त्यांना 'मंडळी' म्हणायची. बहुतेक मंडळी रस्त्याकडेच्या वेलांवरून आणलेली होती, ती हवी तेवढी मिळत. पण खिडकीजवळच्या एका डब्यापाशी नेऊन तिनं काकांना मुद्दाम उभं केलं. डबा उघडण्याआधी नखानं झाकणावर हलकेच दोन टिचक्या मारल्या. ही तिची सवय. कुठलंही झाकण असो, आधी दोन टिचक्या. काकांनी तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघितलं.

हे जुन्या टेकडीचे, तिनं सांगितलं. ती टेकडी आता राहिलेली नाही, तिथून रस्ता गेला. त्या टेकडीवर एक कडवट वेल होता. दुसरीकडचे किडे त्याला तोंड लावत नसत आणि हे मात्र त्याच्यावर मजेत वाढत. तो वेल तिनं कुंड्यांतून जगवला होता. किडे मात्र या हिवाळ्यात बुरशीनं मेले, आणि आता उरल्या होत्या तीन माद्या. त्यातल्या दोघी थकल्या होत्या, अंडी घालणं त्यांनी कधीच सोडलं होतं. तिसरीनं परवाच पानाखाली अंडी घातली होती. "हा वंश आता एवढ्यावर आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बघायचं. हात लावायचा नाही. फारच बुरशी दिसली तर मला फोन करा."

काकांनी मान डोलावली. मनापासून डोलावली, यात शंका नको. पण 'बघायचं' म्हणून तिनं जे भिंग हातात दिलं, तिथंच घात झाला.

पहिला दिवस पाणी घालण्यात आणि मांडण्यांवरची धूळ पुसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी भिंग लावून ती अंडी बघितली आणि बघतच राहिले. दोन ओळींत, एकाला एक चिकटून, अशी शिस्तीत मांडलेली की डेअरीतल्या बाटल्यांनी धडा घ्यावा. त्यांना त्या मादीचं फार कौतुक वाटलं. मग भिंग जरा खाली सरकलं आणि कपाळाला आठी पडली. अंड्यांच्या खाली, ओळींच्या मधोमध, तपकिरी चिकट दाणे होते. ओळ एवढी टापटीप आणि पोरांच्या अंथरुणाखाली हा कचरा. विष्ठाच असणार, नाहीतर बुरशीची सुरुवात. ठमीनं फोन करायला सांगितलं होतं हे त्यांना आठवलं. पण ती तिकडं मोठमोठ्या लोकांसमोर बसलेली, एवढ्याशा कामासाठी तिला कशाला छळा, असा विचार त्यांनी केला. माणूस चूक करायला निघाला की इतका समंजस होतो.

त्यांनी पाणी उकळून गार केलं. सगळ्यात मऊ कुंचला घेतला. जरासं स्पिरिट घेतलं, नावापुरतं. श्वास रोखून, एकही अंडं न हलवता, त्यांनी खालचा दाणा न् दाणा सोडवून काढला आणि अंडी वरून खालून पुसून घेतली. असं नाजूक काम त्यांनी डेअरीतही कधी केलं नव्हतं. सगळं झाल्यावर ते पाणी मोरीत ओतलं, आणि सवयीप्रमाणे मोरीत वरून उकळतं पाणीही ओतलं. मग भिंगातून पुन्हा पाहिलं. अंडी नव्या मण्यांसारखी चमकत होती. ठमी आल्यावर तिला हे कसं दाखवायचं याची मनात उजळणी करत ते घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंडी फुटली होती. टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं पानभर पळत होती. पानाच्या कडेपर्यंत जायची, वळायची, देठावरून खाली उतरायची, पुन्हा वर यायची. काकांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी ताबडतोब फोन लावला.

"ठमे, आजोबा झालो. पोरं एकदम चलाख आहेत, एक म्हणून एका जागी बसत नाही."

तिनं विचारलं, "बसत नाहीत?"

"बसायचं नाव नको. सकाळपासून नुसती पळताहेत."

"बाबा, अंड्यांखाली तपकिरी दाणे होते. ते दिसताहेत का?"

"ती घाण होय? ती मी कालच धुऊन काढली. स्वच्छ."

फोन चालू आहे एवढं कळत होतं, कारण मागं कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज काकांना ऐकू आला. ठमी बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज शांत होता. आता कशालाही हात लावू नका, तिनं सांगितलं. माझं बोलणं तासाभरात संपेल, मिळेल त्या बसनं निघते. ठमी लहानपणापासून चिडली की भांडायची. अशी शांत ती आयुष्यात एकदाच झाली होती.

ती दुपारी थेट बस स्थानकावरून आली, खांद्याला पिशवी तशीच. डब्यावर दोन टिचक्या मारल्या, झाकण काढलं, भिंगातून बराच वेळ बघितलं. काका दाराशी उभे होते. तिनं आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती स्टुलावर बसली आणि त्यांनाही बसायला सांगितलं.

मग तिनं समजावून सांगितलं. त्या दाण्यांत आईच्या पोटातले जिवाणू होते. आई अंडी घालताना ते बांधून खाली ठेवते, कारण पुढं ती पिल्लांबरोबर नसते. पिल्लू अंड्यातून निघालं की आधी पानाकडे जात नाही, खाली वळतं, त्या दाण्याला सोंड लावतं आणि पोटभर पितं. ते जिवाणू पोटात वस्तीला आले की मगच त्याला वेलाचा रस पचतो, अंगी लागतो. तो कडवट वेल या मंडळींना पचायचा तोही त्यांच्या स्वतःच्या बळावर नाही, टेकडीवरच्या त्या जिवाणूंच्या बळावर. लाखो वर्षं आई ठेवत आली आणि पिल्लू पीत आलं. जिवाणूंनाही आता दुसरं घर उरलेलं नाही. किड्याचं पोट आणि तो दाणा यांच्याबाहेर ते जगत नाहीत.

"आणि दाणा मिळाला नाही तर?" काकांनी विचारलं.

"तर शोधतात. प्यायलेलं पिल्लू भावंडांना चिकटून गप बसून राहतं. न प्यायलेलं बसत नाही. ती चलाख नाहीयेत, बाबा. ती आईनं ठेवलेलं शोधताहेत."

काका स्टुलावरून उठले आणि मोरीकडे गेले. तिथं काही नव्हतं, त्यांनी स्वतःच उकळतं पाणी ओतलं होतं. तरी वाकून बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना मोरी घाण असती तर बरं झालं असतं असं वाटलं. ते परत येऊन बसले आणि आता काय करायचं असं त्यांनी विचारलं. आपला आवाज इतका बारीक निघेल याची त्यांना कल्पना नव्हती.

दोन मार्ग होते. रस्त्याकडेच्या किड्यांचे दाणे हवे तेवढे होते. ते दिले तर ही पिल्लं पितील आणि जगतील. पण मग त्यांच्या पोटात टेकडी राहणार नाही. कडवट वेल त्यांना मानवणार नाही आणि ज्यासाठी ठमीनं इतकी वर्षं घालवली ते तिथंच संपेल. दुसरा मार्ग म्हणजे ही अंडी घालणारी ती तिसरी मादी, आता तीही म्हातारीच. तिनं पुन्हा अंडी घातली तर त्यांच्याखाली टेकडीचे दाणे येतील, आणि ती गरजेपेक्षा थोडे जास्तच ठेवते. पण ती घालेल का, हे कोणी सांगावं. पिल्लांच्या अंगात पळण्याएवढी ताकद फार तर आजच्या दिवसाची होती. दोन तर सकाळीच थांबली होती, ती कायमची.

ठमीनं ठरवलं की दिवे मालवायच्या वेळेपर्यंत थांबायचं. तोवर म्हातारीनं मनावर घेतलं नाही, तर रस्त्यावरचे दाणे द्यायचे. "वंश राहिला नाही तरी पोरं जगू देत," ती म्हणाली, आणि म्हातारीच्या पुढ्यात वेलाचा कोवळा शेंडा ठेवला.

दोघं डब्याच्या दोन बाजूंना बसून राहिले. काकांनी हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ठमीला ते दिसलं आणि तिला थोडंसं हसू आलं. हसू आलं म्हणूनच बहुधा ती पुढचं बोलू शकली. पिल्लांवरून नजर न काढता ती म्हणाली, "आई गेल्यावर मीपण अशीच फिरत होते."

काकांना कळायला वेळ लागला नाही. ठमी दहावीत होती. तिची आई गेली तेव्हा आत्या तिला आठवडाभर आपल्याकडे घेऊन गेली. त्या आठवड्यात काकांनी घर धुतलं. उशांचे अभ्रे, पडदे, तिच्या आईचे सगळे कपडे, कंगवे, दाराच्या कड्या. आजारपणाचा वास पोरीला येऊ नये, घर स्वच्छ असावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. दुसरं त्यांना काही करता येत नव्हतं आणि काहीतरी केल्याशिवाय त्या घरात उभंही राहवत नव्हतं. ठमी परत आली, एकेका खोलीत जाऊन आली, आणि शांत झाली. त्यानंतर कितीतरी दिवस ती या खोलीतून त्या खोलीत जात असायची. काका समजायचे, पाठांतर करते आहे.

"मी आईच्या वासाचा अभ्रा शोधत होते," ठमी म्हणाली. "नंतर नंतर तर काय शोधते तेही आठवेना. तुम्हाला बोल नाही लावत, बाबा. तेव्हा लावला होता मनातल्या मनात. आता नाही."

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तुला बरं वाटेल." आणि हे खरं होतं, त्यामुळेच ते म्हणणं त्यांना फार जड गेलं.

ठमीनं डब्यावरून हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. मग दोघंही पुन्हा म्हातारीकडे बघत राहिले. ती शेंड्यावर चढली होती आणि तिथंच बसून होती. उन्हं खिडकीतून सरकून मांडणीच्या खालच्या फळीवर गेली. पळणाऱ्यांपैकी आणखी काही थांबली. ठमीनं एकदा घड्याळ बघितलं आणि रस्त्यावरच्या किड्यांचा पिंजरा जवळ आणून ठेवला. काकांना तिच्याकडे बघवेना.

आणि मग म्हातारी हलली. शेंड्यावरून हळूहळू उतरली, पानाच्या खालच्या अंगाला गेली आणि तिथं घट्ट पाय रोवून उभी राहिली. ठमीनं काकांचं मनगट धरलं. एक अंडं आलं. मग दुसरं. त्यांच्या मधोमध, काकांच्या डोळ्यांदेखत, एक तपकिरी ओला दाणा आला. कालपर्यंत ज्याला ते घाण म्हणत होते, तो बघून त्यांचे डोळे भरून आले. फार नाही घातली तिनं, मोजकीच घातली, आणि मग बाजूला जाऊन बसली. काकांना वाटलं, उठून तिला काहीतरी द्यावं. पण देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

दोन दाणे काढून पिल्लांच्या पानावर ठेवायचे होते, बाकीचे नव्या अंड्यांसाठी तसेच सोडायचे. ठमीनं कुंचला घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. दाणे अंड्यांना घट्ट चिकटलेले होते. तिनं कुंचला वडिलांपुढं धरला.

काका मागं सरकले. या हातांनी नको, असं म्हणाले.

"याच हातांनी," ती म्हणाली. "एकही अंडं न फोडता धुतलंत तुम्ही. मला नसतं जमलं."

त्यांनी केलं. श्वास रोखून, कालच्याइतक्याच नाजूकपणे. पण काल सोडवून काढलं होतं आणि आज नेऊन ठेवलं. ठेवल्यावरही कितीतरी वेळ काही झालं नाही. पिल्लं दाण्याच्या जवळून पळत गेली, लांबून पळत आली. मग एकाची सोंड दाण्याला लागली आणि ते तिथंच थांबलं. दुसरं त्याच्यावर आदळलं आणि थांबलं. एकेक करून ती येत गेली, पीत गेली, बाजूला सरकून एकमेकांना चिकटून बसत गेली. सगळी नाही वाचली. पण जी वाचली ती पानाच्या एका शिरेपाशी जाऊन बसली, एवढीशी, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या डब्यात कोणी पळत नव्हतं. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून कुंडीमागं वाकल्यासारखं केलं.

ठमीनं झाकण उचललं. ते डब्यावर ठेवण्याआधी तिच्या नखानं त्याच्यावर सवयीनं दोन टिचक्या मारल्या.

"ही तुझी सवय नाही," काका म्हणाले.

ती वळून बघायला लागली.

"आपल्याकडे पिठाच्या डब्यात एकदा झुरळ निघालं. मी चप्पल घेऊन धावलो तर तुझी आई आडवी आली. म्हणाली, त्याचं घर आहे, आपण न सांगता उघडलं. तेव्हापासून कुठलाही डबा उघडायचा तर आधी दोन टिचक्या. आत कोणी असेल त्याला आवरायला वेळ मिळायला हवा, म्हणायची. मी हसायचो. तू कडेवर असायचीस, तिचा हात धरून तूही मारायचीस." काका थांबले. "तू टिचक्या मारतेस ना, ठमे, तेव्हा मला बघवत नाही. म्हणून मी दुसरीकडे बघतो. तुला सांगितलंच नाही कधी. मला वाटलं, तुला माहीत आहे."

ठमीला माहीत नव्हतं. ती समजत होती, किड्यांबरोबर काम करता करता ही सवय आपली आपल्याला लागली. ती हातातल्या झाकणाकडे बघत राहिली, मग आपल्या नखाकडे.

"मी सगळं घर धुतलं," काका म्हणाले. "पण हे तुला तिनं आधीच देऊन ठेवलं होतं."

ठमीनं झाकण डब्यावर ठेवलं आणि नीट बसवलं. आत पिल्लं गप बसून होती आणि आता ते उघडायचं काही काम नव्हतं. तरी तिनं बोट वाकवलं आणि झाकणावर पुन्हा दोन टिचक्या मारल्या, हळूहळू, कान देऊन. या वेळी काकांनी खिडकीबाहेर बघितलं नाही.